साहेबाची धून

मला गाण्याबजावण्यातलं काही कळत नाही, आणि कळतं असा आव मी कधी आणला नाही. अमरावतीला कॉलेजात होतो तेव्हा बरोबरची मुलं बैठकींना जात, परत आली की हॉस्टेलच्या ओट्यावर बसून अमक्याचा सूर कसा लागला आणि तमक्याचा कसा घसरला यावर वाद घालत. मला मध्ये ओढायला लागले की मी सरळ सांगायचो, बाबांनो, मला वांग्यातलं विचारा. कोणतं वांगं भरायला चांगलं आणि कोणतं भाजायला, ते डोळे मिटून सांगतो.

मात्र नावडतं वाजणं सोसण्यात माझा हात धरणारा कमीच सापडेल. नावडती भाजी ताटात बाजूला सारता येते. नावडतं पुस्तक मिटता येतं. वाजणाऱ्याचं तसं नाही. चावी ज्याच्या हाती तो आपल्या आवडीचं लावतो, आणि बाकीच्यांनी ते अंगावर घ्यायचं. माझा खोलीतला सोबती पेटी शिकत होता. दोन वर्षांत त्याला एकच गत आली आणि तीही अर्धी. मी त्या अर्ध्या गतीवर अख्खा इतिहास पाठ केला. पुढं नोकरीत ज्या ज्या गावी राहिलो तिथं हॉटेलवाल्याचा फोनो, शेजारच्याचा रेडिओ, कोणाचं तरी काही ना काही होतंच. लोक मला विचारतात, मास्तर, तुम्ही रागवत कसे नाही? मी हसतो. कारण ज्या एका धुनीची मला मनापासून चीड होती, ती मी वेशीपासून मारुतीपर्यंत सोसलेली आहे, एकदा नव्हे, दोनदा. त्यापुढं शेजारच्याचा रेडिओ म्हणजे काय?

आमचं गाव वाशीमकडच्या मालेगावच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला. ओढ्याला लागून आमची वाडी, म्हणजे भाजीपाल्याची जमीन. विहीर, मोट, दोन बैल, आणि वर्षभर काही ना काही हिरवं. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, दोडके. माझे वडील, त्यांना मी बा म्हणायचो, बाजाराच्या दिवशी पहाटे टोपली भरायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटी हातात धरली नव्हती. हे मी तेव्हाही मान वर करून सांगत होतो आणि आजही सांगतो. कोणाला त्यात लाजण्यासारखं काही दिसत असेल तर ते त्यानं आपल्याजवळ ठेवावं.

ती धून मी पहिल्यांदा ऐकली ती वाशीमला शाळेत असताना. बक्षीस समारंभ होता आणि कोणी बडा साहेब येणार होता. बँड आणला होता. साहेब मांडवात शिरला की जी वाजवायची ती ठरलेली धून वाजली आणि सगळी शाळा उभी राहिली. हळू चालीची, हत्ती चालल्यासारखी धून. एक एक पायरी चढते, वर जाऊन थांबते आणि मग मोठा ढोल वाजतो. आमच्या गावचा माझ्याच वयाचा एक मुलगा माझ्याबरोबर शिकायला होता. आम्ही एकाच खोलीत राहायचो, एकाच तव्यावर भाकरी भाजायचो. तो उठला नाही. मी त्याच्याकडं पाहिलं आणि मीही उठलो नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी हातावर छड्या खाल्ल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काहून नाई उठला बे?"

तो तळहात फुंकत म्हणाला, "मले उठताच नाई येत. थो बाजा वाजला का माह्या मणक्यात दुखते."

त्या दिवसापासून त्या धुनीला आम्ही दोघं कधी उभे राहिलो नाही. मॅट्रिक झाल्यावर तो घरच्या शेतावर गेला, कारण त्याचे वडील वारले होते आणि घरी एकटी आई होती. मी कॉलेजात गेलो. बेचाळीस साली त्याला धरून नेलं. मी तुरुंगात गेलो नाही. बा एकटे मोट हाकून मला शिकवत होते, माझी बी.ए. तोंडावर आली होती, मी गेलो नाही. त्याची सफाई मी कोणाला दिली नाही, आताही देत नाही. पण कॉलेजातसुद्धा ती धून वाजली की मी खाली बसून राहायचो. माझी चळवळ म्हणाल तर तेवढीच.

मी बी.ए. पास झालो. बातमी घेऊन घरी पोचलो तेव्हा बा वाफ्यात पाणी सोडत होते. मी सांगितलं. त्यांनी पाणी दुसऱ्या वाफ्याकडं वळवलं, फावडं धुतलं, उभं करून ठेवलं आणि म्हणाले, "म्हंजे आता पुढं काई राह्यलं नाई?"

"नाई बा. झालं."

"मंग दोन दिवस गावात फिरू नोको. वाडीतच राह्य."

आणि त्याच दुपारी ते कारंज्याला निघून गेले. कशाला, ते मायनं सांगितलं. बँड सांगायला. मला वेशीबाहेर घोड्यावर बसवून, नवरदेवासारखं वाजत गाजत मारुतीच्या पारापर्यंत न्यायचं, असं त्यांनी कधीचं ठरवून ठेवलं होतं. मला हसू आलं, बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

माय भाकरी थापता थापता मग माझ्या मित्राच्या आईचं सांगू लागली. त्यांना मी काकी म्हणायचो. "थे बाई रोज येते अन् पुसते, सायेब कवा येऊन राह्यला? कोतवालानं सांगतलं तिले, का सायेब दौऱ्यावर आला का त्याचे पाय धर, अर्ज दे, लेकरू सुटन. सायेब आला कसा समजन, तं म्हने बाजा वाजन. आता बाई वावरात निंदाले गेली तरी कान इकडंच."

"कोतवालाच्या हातात हाय काय सोडणं?" मी म्हटलं.

"नाई का असंना. तिले आशेले तं जागा झाली."

तिसऱ्या दिवशी सकाळीच बँड आला. लाल कोट, पिवळ्या झालरी, पितळी भोंगे. आमच्या वाडीतल्या आंब्याखाली ती मंडळी बसली, मायनं त्यांना चहा केला. बँडमास्तर वाळका, पान खाणारा माणूस. त्यानं भोंगा पुसला, गाल फुगवले आणि सरावाला म्हणून वाजवायला सुरुवात केली.

पहिल्या दोन पायऱ्यांतच मी ओळखलं. तीच हत्तीची चाल. शेवटाला ढोल.

मी बँडमास्तरजवळ गेलो. "हे नोका वाजवू. दुसरं काई वाजवा."

"तुमच्या बाबानं हेच सांगतलं. आमाले लग्नाची बी येते, नाटकातली बी येते. पन ते म्हनले, पोरगं इंग्रजी शिकलं, इंग्रजीच वाजलं पाह्यजे. आमच्याजवळ इंग्रजीत हेच एक हाय."

बा विहिरीवर होते. बँड येवो नाहीतर वरात निघो, वांग्यांना पाणी चुकवणं त्यांना जमणारं नव्हतं. मोट ओढताना बैल चालतात त्या धावेच्या कडेला उभा राहून मी सगळं बोललो. ही धून कोणाची, ती वाजली की काय करावं लागतं, आम्ही छड्या का खाल्ल्या, आणि माझा मित्र आत असताना मी तीच धून वाजवत त्याच्या गावातून मिरवायचं म्हणजे काय होतं. बऱ्यापैकी भाषण झालं. बा बैलांना मागं सारत होते, पुढं हाकत होते. माझं संपल्यावर त्यांनी मोट रिकामी केली आणि बैल थांबवले.

"मले माईत हाय थे कोनाची धून व्हय," ते म्हणाले. "तू तवा पाळण्यात व्हता. मालेगावच्या आमराईत सायेबाचा मुक्काम पडला व्हता. पाटलानं सांगतलं, ताजी भाजी घेऊन जा. मी टोपलं घेऊन गेलो. वरतून मेथी, खालतून वांगे. टोपलं उतरवाव म्हनलं तं तितक्यात बाजा सुरू झाला. चपराशी वरडला, हालू नोको! जोडे काढून सारे उभे. मी बी उभा, डोक्शावर टोपलं घेऊन. सायेब आला घोड्यावर. माह्याजवळच थांबला कोनासंग बोलत. अन् त्याच्या घोड्यानं माह्या टोपल्यातल्या मेथीले तोंड घातलं."

बांनी हातातला कासरा गुंडाळला.

"घोडं खाऊन राह्यलं, बाजा वाजून राह्यला. लोक हासून राह्यले. सायेब बी हासला, त्यानं काई वाकडं केलं नाई. पन मले हात वर करून टोपलं बाजूले घेता येत नव्हतं. हालू नोको म्हनलं ना! घोड्याची लाळ माह्या कानावरून गळत व्हती. तवा म्हनलं, हा बाजा एक दिवस माह्या पोरासाठी वाजन. अन् घोड्यावर थो राहीन."

ते बैलांकडं वळले. नंतर, पाठ करूनच, म्हणाले, "तुले नसन पटत तं नोको बसू. बँडवाल्यायले जेवू घालतो अन् वापस लावतो."

माझ्याजवळ बी.ए. होती, मुद्दे होते, सगळं होतं. पण ज्या माणसाच्या कानावरून घोड्याची लाळ गळली, त्याच्यापुढं ते मुद्दे मांडायला माझं तोंड उघडेना. एवढी वर्षं ते मोट हाकताना काय बघत असतील ते मला त्या घडीला दिसलं. त्यांनी मला विद्येसाठी शिकवलं असं मी समजत होतो. विद्येसाठी शिकवलंच, पण त्या घोड्यासाठीही शिकवलं.

मी म्हटलं, "बसतो. पन एक करा. त्याच्या घरापुढून जाताना बाजा बंद ठेवा. काकीच्या कानावर नोको."

बा लगेच म्हणाले, "थे तं मीच करनार व्हतो. त्याच्या घरापासून दहा घरं आधी हात वर करतो. मुक्यानं जाऊ."

हे ठरलं आणि आम्हा दोघांनाही बरं वाटलं. आवाज काही हात वर केल्यावर थांबून राहत नाही, तो आधीच पुढं गेलेला असतो, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दुपार कलल्यावर वेशीबाहेर मला घोड्यावर बसवलं. घोडं कोणाकडून तरी मागून आणलेलं, लग्नातलं, सवयीचं. माझ्या पायात उसने बूट, गळ्यात झेंडूचा हार. मायनं ओवाळलं. बा पुढं, डोक्याला नवा फेटा, अंगात नवी बंडी. आणि बँड सुरू झाला.

मी घोड्यावर ताठ बसलो होतो ते अभिमानानं नव्हे. मणक्यात दुखत होतं.

वेशीतून आत शिरलो तर पहिली गंमत कोतवालाची झाली. तो आपल्या घरात झोपला होता. धून कानावर पडली तशी बिचारा धोतर सावरत, छातीवरचा पट्टा चढवत पळत आला आणि घोड्यापुढं खाडकन सलाम ठोकून उभा राहिला. मग वर पाहिलं.

"अबे, तू व्हय?"

सगळी वरात हसली. "सायेबच हाय, ठोक सलाम," मागून कोणीतरी म्हणालं. कोतवालही हसला, पण पट्टा काढायचं त्याला सुचेना, तो तसाच पट्ट्यानिशी वरातीत सामील झाला. पुढं दोन म्हातारे ओट्यावर बसले होते. ते धून ऐकून सवयीनं उठून उभे राहिले, पायातले जोडे काढले. माझं लक्ष बांकडं गेलं. ते त्या म्हाताऱ्यांकडं पाहत होते. हसत नव्हते. चेहरा असा होता की जसं काही फार दिवसांच्या उपासानंतर आज जेवण पोटात गेलं.

मी मनाशी म्हटलं, होऊ दे. मारुती काही लांब नाही.

गावाच्या मधोमध वळण आहे. वळणापलीकडं काकींचं घर. बा हात वर करायच्या बेतात होते, आणि वळणावरून काकी पळत येताना दिसल्या. परसात गोवऱ्या थापत असाव्यात, दोन्ही हात शेणानं भरलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. लोक बाजूला झाले. त्यांनी कोणाकडं पाहिलं नाही. मान खाली घालून सरळ घोड्याजवळ आल्या आणि माझा बूट दोन्ही हातांनी धरला.

"सायेब," त्या म्हणाल्या, "माह्यं एकच लेकरू हाय सायेब. त्याले सोडा. थो पुन्हा नाई करनार. त्याच्या वतीनं मी सांगतो, पुन्हा नाई करनार."

बँड वाजत होता. पुढं चाललेल्यांना मागं काय झालं ते कळलं नव्हतं. ढोल वाजला, धून परत पहिल्या पायरीवर आली, आणि काकी माझ्या बुटावर कपाळ टेकून त्या बाजापेक्षा मोठ्यानं बोलायला पाहत होत्या. बांनी दोन्ही हात वर केले. ढोल थांबला, भोंगे थांबले. एक पिपाणी मात्र दोन सूर एकटीच वाजली आणि मग तीही बंद पडली.

बांनी मला वर पाहून एकच शब्द म्हटला, "उतर."

मी उतरतच होतो. "काकी," मी म्हटलं, "काकी, मी हावो. सायेब नाई आला."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. कोणी हसलं नाही, कोतवालसुद्धा नाही. मग त्यांनी माझ्या बुटाला लागलेलं शेण पदरानं पुसायला घेतलं.

"अगं माय," त्या म्हणाल्या, "हे तं आपलंच पोट्टं हाय. मी कायची इथं सायेब सायेब करून राह्यली! तुह्या बुटाले सारं शेण लावलं मी."

"राहू द्या काकी."

"नाई रे, नवा दिसते." त्यांनी पुसणं सोडलं नाही. "पास झाला ना? मायनं सांगतलं व्हतं मले, आज बाजा हाय म्हून. सांगतलं व्हतं, पन बाजा वाजला तं भुललीच मी."

बा तिथंच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं मघाचं समाधान कुठल्या कुठं गेलं होतं. आपल्या आयुष्यात त्यांना कोणाला घोड्याखाली आणायचं नव्हतं. ते बँडमास्तरकडं वळून म्हणाले, "दुसरं वाजवा. लग्नाचं वाजवा, नाटकातलं वाजवा. हे बंद करा."

"काहून?" काकी उठून उभ्या राहिल्या. "काहून बंद करता भाऊजी? माह्यासाठी? पोराची वरात मधात नाई थांबवू. जे वाजून राह्यलं थेच वाजवा."

"वयनी, थे सायेबाचं हाय."

"असू द्या ना. सायेबाचं हाय म्हनूनच तं चांगलं हाय. आज याच्यासाठी वाजलं, उद्या माह्यावाल्यासाठी वाजन. याले वेशीतून आनलं तसंच त्याले बी आनजा." आणि त्या बँडमास्तरला म्हणाल्या, "वाजवा वो. भोंगा हातात घेऊन माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यले?"

मास्तरनं बांकडं पाहिलं. बांनी मान हलवली. धून परत सुरू झाली.

मी घोड्यावर परत बसलो नाही, आणि बांनी बस म्हटलं नाही. त्यांनी रिकामं घोडं लगामाला धरून चालवलं. काकी शेणाच्या हातांनी माझ्या शेजारून चालल्या, आपल्या घरावरून पुढं, थेट मारुतीपर्यंत. वाटेत त्यांनी एकदा विचारलं, "हे एवढंच हाय का अजून हाय पुढं?" मी म्हटलं, "एवढंच. हेच पुन्हा पुन्हा." त्या म्हणाल्या, "बरं हाय. ध्यानात राह्यते."

त्या दिवशी मला ती धून आवडू लागली असं मी म्हणणार नाही. ती मला आजही आवडत नाही. कानाला ती तेवढीच जड होती आणि ढोल तेवढाच छातीवर पडत होता. पण वेशीपासून वळणापर्यंत मी ती बांसाठी ऐकली होती, आणि वळणापासून मारुतीपर्यंत बा आणि मी दोघांनी मिळून ती काकींसाठी ऐकली. मला वाटतं, तोवर मी नावडत्या वाजण्याशी फक्त भांडत आलो होतो. आपण ते कोणाचं म्हणून ऐकतो आहोत हे एकदा कळलं की भांडण मिटत नाही, पण माणूस खाली मान घालून चालू शकतो. शाळेतल्या बाकावर बसून राहणं त्यामानानं सोपं होतं. तिथं फक्त छड्या होत्या.

संध्याकाळी काकी आल्या. माझ्याकडून त्यांनी अर्ज लिहून घेतला. बी.ए. झाल्यावर माझ्या इंग्रजीचा पहिला उपयोग तो झाला. मी होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी त्यात ओतलं. त्याचं उत्तर कधी आलं नाही. पुढं बाकीचे लोक सुटू लागले तेव्हा तोही सुटला. काकी मात्र अखेरपर्यंत सगळ्यांना सांगत राहिल्या की माझ्या अर्जानं सुटला. मी ते कधी खोडलं नाही.

तो सुटणार असं कळलं तेव्हा मी वाशीमला मास्तर झालो होतो. सुट्टी काढून गावी आलो. पाहतो तर वेशीबाहेर तोच बँड. तेच लाल कोट, एका भोंग्याला आता पोचा पडलेला. काकींनी बांना कारंज्याला पाठवलं होतं. घोडं मात्र बांनी आणलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

बँडमास्तर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी तरी सांगा बाईले. थे म्हनते, तेच वाजवा. जेलातून सुटलेल्या मानसापुढं तेच कसं वाजवू? लोक मारतीन मले."

मी काकींकडं गेलो. त्या नवं लुगडं नेसून उभ्या होत्या. "काकी," मी म्हटलं, "थे धून ज्यायनं त्याले धरून नेलं त्यायची व्हय. त्याले नाई आवडन."

"तुले आवडे काय?"

मी बँडकडं पाहू लागलो.

"मले दिसलं नाई असं वाटते तुले? तू तोंड असं करून चालला व्हता का जसं कारलं खाल्लं. तरी चालला ना?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुले जे वाजलं थे त्याले नाई वाजवाचं? तू बी.ए. झाला म्हून तुले सायेबाचं, अन् माह्यं लेकरू जेलात गेलं म्हून त्याले लग्नाचं? तसं नाई व्हनार. तुले एक अन् त्याले दुसरं, असं माह्या दारात नाई व्हनार."

मी बांकडं पाहिलं. बा म्हणाले, "वयनीचा बाजा हाय. वयनी म्हनन थे."

तो मालेगावहून पायी आला. वाळला होता, दाढी वाढली होती, हातात एक गाठोडं. काकींनी त्याला ओवाळलं. त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, बांच्या पायांवर ठेवलं, मला मिठी मारली. मग बँडमास्तरनं देवाचं नाव घेऊन गाल फुगवले.

मित्राच्या पाठीवर माझा हात होता. पहिल्या पायरीला ती पाठ लाकडासारखी झाली.

"अबे," तो दातांतून म्हणाला, "हे कोनं सांगतलं?"

"तुह्या मायनं."

त्यानं पुढं पाहिलं. काकी सगळ्यांच्या पुढं, बँडच्याही पुढं चालल्या होत्या. ढोल कधी पडणार ते त्यांना आता पाठ होतं. त्याच्या आधीच त्या मागं वळून पोराकडं पाहायच्या, की वाजलं बरं, तुझ्यासाठी वाजलं. म्हातारे उठून उभे राहत होते, आणि या वेळी बाजा कोणासाठी आहे ते त्यांना माहीत होतं.

त्याचा पाय उचलेना. मी त्याची वाट पाहिली.

"मणका दुखते काय?" मी विचारलं.

"लय दुखते."

"चाल मंग," मी म्हटलं, आणि आम्ही चाललो.